दार बसेपर्यंत

सहादेवचं घरकुल मंजूर झाल्याचं ग्रामसेवक सांगायला आला, तेव्हा चांगुणा शेडच्या पत्र्यावर पाणी मारत होती. चैत्र लागला होता. पत्रा असा तापायचा की आत खाटेवर पडलेल्या सहादेवला दुपारभर भट्टीत घातल्यासारखं व्हायचं. दोन वर्षांमागं राहात्याकडच्या फडात उसानं भरलेल्या ट्रकवरून तो पाठीवर पडला, तेव्हापासून त्याचं कमरेखालचं अंग निकामी झालं होतं. ऊस तोडण्यात त्याचा हात धरणारा सगळ्या वाकदरा गावात कुणी नव्हता. तोच माणूस आता कूस बदलायलाही बायकोला हाक मारायचा. पुढं पुढं त्यानं हाक मारणंही कमी केलं. चांगुणा आपणहून येऊन त्याला वळवायची, आणि तो तोंड फिरवून घ्यायचा.

पण त्या दिवशी तो बोलला. ग्रामसेवक गेल्यावर म्हणाला, "दोन खिडक्या काढायच्या. एक माज्या खाटंसमोर. रस्ता दिसला पायजे."

"काढू की," चांगुणा म्हणाली. लई दिवसांनी तिला हसू आलं.

अडचण एकच होती. त्यांच्या नावावर शेत नव्हतं, दुसरी जागा नव्हती. शेड उभं होतं तेवढंच गावठाणातलं त्यांचं. म्हणजे शेड मोडल्याशिवाय पाया घेता येत नव्हता. चांगुणाचा जीव घाबरत होता. उभं असलेलं पाडायचं आणि नसलेल्याच्या भरवशावर राहायचं. शेजारचा गहिनीनाथ, जो तिसगाव ते वाकदरा जीप चालवायचा, त्यानं धीर दिला. "वहिनी, सरकारी काम हाय, अर्धं सोडत न्हाईत. दिवाळीचा फराळ नव्या घरात करशाल."

शेड मोडलं. पत्रे विकून टाकले, कारण मजुराला द्यायला हातात काहीच नव्हतं. बाजूला चार वासे रोवून वर ताडपत्री ओढली, तीन बाजूंनी जुन्या साड्या बांधल्या आणि आत सहादेवची खाट नेली. चूल बाहेर. त्यांची मुलगी दिपाली त्या वर्षी दहावीत गेली होती. तिनं आपली वह्या-पुस्तकं खताच्या गोणीत घालून वाशाला टांगली, म्हणजे उंदीर लागणार नाहीत.

जोतं वर आलं तेव्हा तालुक्याहून हर्षल नावाचा तरुण अभियंता फोटो काढायला आला. मोबाईल वर धरून म्हणाला, "लाभार्थी पाहिजे फोटोत. त्याशिवाय पुढचा हप्ता पडत नाही."

"त्यास्नी उठता येत न्हाई, साहेब."

"मग बसवा. पण ते दिसले पाहिजेत."

गहिनीनाथनं आणि अजून एकानं सहादेवला उचलून जोत्यासमोर प्लास्टिकच्या खुर्चीत बसवलं. मान एका बाजूला कलत होती म्हणून चांगुणानं मागून खांद्याला धरलं, तर हर्षल म्हणाला, "ताई, तुम्ही जरा बाजूला व्हा." सहादेवनं टोपी मागितली. टोपी घालून त्यानं दोन्ही हातांनी खुर्ची घट्ट धरली आणि फोटो निघेपर्यंत मान सरळ ठेवली. नंतर खाटेवर टाकल्यावर त्याला किती वेळ धाप लागली होती.

दुसरा हप्ता पडला. भिंती छज्ज्यापर्यंत आल्या आणि काम थांबलं.

आधी वाटलं आठ-पंधरा दिवसांची गोष्ट. मग पाऊस सुरू झाला. ताडपत्रीला भोकं पडली. सहादेवच्या अंगावर पाणी गळायचं, खाट सरकवावी तर दुसरीकडं गळायचं. आखाड गेला, श्रावण गेला. भिंतींवर शेवाळ चढलं, आत पाणी साचून खाट ठेवता येईना. दाराच्या जागी नुसतं भगदाड होतं, त्यातून कुत्री आत जाऊन बसायची.

चांगुणा तालुक्याच्या ऑफिसात खेटे घालत राहिली. एका दिवसाची मजुरी बुडवायची, गहिनीनाथच्या जीपनं तिसगाव, तिथून एसटी. हर्षल तिला ओळखू लागला होता. त्याच्या बोलण्यात खोट नव्हती. "ताई, तुमचंच नाही. सगळ्यांचंच थांबलंय. वरून निधी आला नाही. मी खोटं कशाला सांगू? माझा स्वतःचा पगार तीन महिने झाला नाही."

"वरून म्हंजी कुटून, साहेब? मी तिथं जाती."

त्यानं तिच्याकडं बघितलं आणि तिचा अर्ज परत फायलीत लावून ठेवला.

भादव्यात ते घडलं. दिवस मावळायला आला होता. नळाला पाणी आलं म्हणून चांगुणा हंडे घेऊन वेशीकडं गेली होती. दिपाली साडीच्या आडोशामागं अंग धूत होती. सहादेव खाटेवर पडून होता. त्याला आधी पावलांचा आवाज आला, मग साडी वर उचलली गेलेली दिसली. माणसाचं तोंड त्याला दिसलं नाही. दिसले ते नुसते पाय आणि पांढरे बूट. दिपाली किंचाळली.

"कोन हाय रं? कोन हाय?" सहादेव ओरडला. हाताशी होता तो तांब्या त्यानं फेकला, तो वाशाला लागून पडला. मग त्यानं अंगातलं सगळं बळ हातांत आणलं आणि स्वतःला खाटेवरून खाली ओढलं.

चांगुणा आली तेव्हा तो चिखलात पालथा पडला होता. कोपरांनी सरपटत तो आडोशापर्यंतही पोचला नव्हता. दिपाली ओल्या कपड्यांनी त्याच्याजवळ बसली होती आणि त्याला उताणं करायचा प्रयत्न करत होती. आलेला माणूस केव्हाच पळून गेला होता.

"काय केलं त्यानं? हात लावला का?" चांगुणानं विचारलं.

"न्हाई," दिपाली म्हणाली. "हसला नुस्ता."

कुणाला सांगितलं नाही. सांगितलं तर नाव पोरीचंच निघालं असतं. तरी चार दिवसांत गावात कुजबुज झालीच. दिपाली शाळेतून आली की आईला सोडून कुठं जाईना. संध्याकाळी अंग धुणं तिनं बंद केलं. पहाटे अंधारातच आईला साडी धरून उभं करायची. अंथरुणात ती कपड्यांवर कपडे घालून, गोधडी पायाखाली दाबून पडायची. आणि सहादेव डोळे उघडे ठेवून ताडपत्रीकडं बघत राहायचा. त्याच्या पाठीला जखमा होऊ लागल्या होत्या. चांगुणा धुवायची, हळद लावायची. तो हूं की चूं करत नव्हता.

दसऱ्याच्या आधी ऊसतोडीच्या टोळ्या नेणारा बजरंग मुकादम आला. पूर्वी चांगुणा आणि सहादेव त्याच्याच टोळीत जायचे. तो खाटेच्या काठाला बसला, सहादेवची विचारपूस केली, बिस्किटाचा पुडा दिला. मग चांगुणाला म्हणाला, "वहिनी, एकट्या बाईला टोळीत कसं घेऊ? नवरा-बायकोची जोडी लागती, तुमाला ठाऊक हाय. एक सांगतो, वाईट वाटून घेऊ नका. माज्या साडूचं पोरगं हाय. व्यसनी न्हाई, कामाला वाघ. दिपालीला करून टाका. दोघं जोडीनं येतील. तुमी सैपाकाला या. ह्यांचंबी तिथं फडावर पाचटाच्या कोपीत बघता येईल. पोर नवऱ्याच्या सावलीत राहील. इथं हे असं उघड्यावर…" त्यानं ताडपत्रीकडं हात केला.

"ती सोळाची बी न्हाई, भावजी."

"आपल्यात कोन अठराची थांबली? तुमी थांबला हुता?"

बजरंग वाईट माणूस नव्हता. सहादेव पडला तेव्हा दवाखान्यात त्यानंच नेलं होतं. आणि तो म्हणाला त्यात खोटं काय होतं, ते तिला सापडेना. ती दिवसभर मजुरीला गेली की पोर शाळेतून येऊन चिंध्यांच्या आडोशाला बसणार. बाप जाग्यावरून हलणार नाही. भिंती आहेत, पण त्यांना ना दार ना छत. कोण कधी येईल याचा नेम नाही. आज हसून गेला, उद्या हसूनच जाईल कशावरून?

बजरंग गेल्यावर दिपालीनं भाकरी थापायला घेतली. मग दिपाली चुलीपुढून म्हणाली, "आई, करून टाक माझं. तुमाला झोप तरी लागंल."

ती रडत नव्हती. भाकरी थापतच होती. चांगुणाला वाटलं, पोरीनं रडायला हवं होतं.

"उद्या मुकादमाला हो म्हनून सांगती," चांगुणा सहादेवकडं न बघता म्हणाली.

"न्हाई," सहादेव म्हणाला.

"मग काय करू? सांगा की. मी काय करू?"

"गहिनीनाथला बोलाव. मला जीपमदी घाला."

"कुटं?"

"हापिसात. मला घेऊन चला. दिपे, तू बी. दप्तर घे संगं."

दुसऱ्या दिवशी सकाळी गहिनीनाथनं जीपची मधली सीट काढली, गोधडी अंथरली आणि सहादेवला आडवा घातला. खड्ड्याखड्ड्यांतून जाताना त्याची पाठ घासत होती. चांगुणाला गोधडीवर रक्ताचे डाग दिसत होते. ती म्हणाली, "माघारी जाऊ." त्यानं मान हलवली.

तालुक्याच्या ऑफिसच्या व्हरांड्यात, येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या वाटेत त्यांनी त्याला ठेवलं. शिपाई धावत आला. "इथं नका ठेवू. साहेब येतील."

"त्यांच्यासाठीच आलोय," सहादेव म्हणाला.

माणसं जमली. हर्षल आला, सहादेवला ओळखून घाबरला, खाली बसला. "काका, असं का केलं? मी सांगितलं होतं ना ताईंना…"

"तुमचा काय दोष न्हाई, साहेब. मोठ्या साहेबास्नी बोलवा."

मोठे साहेब आले. चष्मा लावलेला, थकलेला माणूस. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाले, "बाबा, निधी आला की सगळ्यांत आधी तुमचा हप्ता सोडतो. शब्द देतो. पण आज माझ्या हातात काही नाही. जिल्ह्यात कुणालाच आलेला नाही."

"मला छत नगं," सहादेव म्हणाला. झोपल्या झोपल्या बोलताना त्याला दम लागत होता. "नुस्तं दार द्या. माजी पोर मोठी झालीय. मला उठता येत न्हाई. मानसं साड्या उचलून बगत्यात. कारभारीन म्हनती, लगीन लावून देऊ."

"किती वय तिचं?"

"दहावीला हाय."

साहेबांचा चेहरा बदलला. "असं करू नका. गुन्हा आहे तो. तुम्हाला अटक होईल."

"व्हय साहेब, गुन्हा हाय. म्हनूनच इचाराया आलो. लगीन लावलं तर गुन्हा. न्हाई लावलं तर ही उघड्यावर. तवर काय करू, तेवडं सांगा. न्हाई तर दार बसेपर्यंत माजी पोर तुमी संबाळा. इथं दारं हायत, कुलपं हायत. मी तिला इथं ठेवून जातो."

दिपाली खांबाला टेकून उभी होती. दप्तर तिनं छातीशी धरलं होतं आणि मान खाली घातली होती. इतक्या अनोळखी माणसांसमोर तिची गोष्ट बोलली जात होती. तिचे कान लाल झाले होते. चांगुणानं तिच्या खांद्यावर हात ठेवला. तिनं तो झटकला.

साहेब आत गेले. त्यांनी तिथूनच कुणाला तरी फोन लावला. थोड्या वेळानं शेजारच्या इमारतीतून महिला-बालकल्याणच्या सुरेखाबाई आल्या. पन्नाशीच्या, जाड फ्रेमच्या चष्म्याच्या. त्या आधी सहादेवशी बोलल्या नाहीत, चांगुणाशीही नाही. दिपालीला घेऊन त्या आत एका खोलीत गेल्या. दोघी बाहेर आल्या तेव्हा दिपालीचे डोळे सुजलेले होते.

"मुलींचं सरकारी वसतिगृह आहे इथं तालुक्याच्या गावात, शाळा लागूनच," सुरेखाबाई म्हणाल्या. "वर्षाच्या मध्ये घेत नाहीत, आणि जागाही भरल्यात. पण मी बघते. आज इथून हलू नका."

दुपारभर त्या फोन करत होत्या. एका फोनवर त्यांचा आवाज चढला, "खाट नसू दे, सतरंजी टाका ना!" एवढं चांगुणाला ऐकू आलं. शिपायानं सहादेवसाठी चहा आणला. गहिनीनाथनं जीपच्या खेपा बुडवल्या आणि सावलीत बसून राहिला. उन्हं कलली तेव्हा सुरेखाबाई बाहेर येऊन म्हणाल्या, "चला."

वसतिगृह जुन्या बांधकामाचं होतं, भिंतीचा गिलावा निघालेला. पण फाटक होतं, आणि फाटकाशी बाई बसलेली होती. सहादेव जीपमध्येच राहिला. चांगुणा आत जाऊन खोली बघून आली. मुलींनी ओळीनं अंथरुणं टाकली होती. एका कोपऱ्यात दिपालीची सतरंजी अंथरली.

निघताना चांगुणा म्हणाली, "आप्पांस्नी भेट."

दिपाली जीपपर्यंत आली. सहादेवनं हात वर केला. तिनं धरला नाही.

"मला न इचारता सोडून चाललात," ती म्हणाली. "तुमचं कोन बगनार आता? आई कामाला गेल्यावर पानी कोन देनार?" आणि वळून, मागं न बघता आत निघून गेली.

परतीच्या वाटेवर सहादेव एवढंच म्हणाला, "चिडली. चांगलं झालं. रडली आसती तर मी माघारी आनली आसती."

बजरंगची टोळी गेली. चांगुणा मागंच राहिली. गावात खुरपणीचं मिळेल ते काम करायची आणि मधल्या सुट्टीत धावत येऊन नवऱ्याला पाणी पाजून जायची. दिवाळीला दिपालीला आणायचं नाही, असं सहादेवनं ठरवलं. गहिनीनाथच्या मोबाईलवरून दर रविवारी चांगुणा वसतिगृहात फोन करायची. दिपाली आईशी बोलायची. आप्पांकडं मोबाईल दिला की, "अभ्यास हाय," म्हणून ठेवून द्यायची.

थंडी पडली, भिंतींच्या आतली ओल वाळली. सहादेव म्हणाला, "मला आपल्या घरात न्या." उघड्या भिंतींच्या आत खाट ठेवून चांगुणानं वरून ताडपत्री ताणली आणि दाराच्या भगदाडाला बाभळीच्या काटेरी फांद्यांची फेसाटी लावली. निदान वारा अडला. पण पाठीच्या जखमा चिघळल्या होत्या. ताप हटेना. आरोग्य केंद्रातली नर्स बघून म्हणाली, "हे इथं होणार नाही. नगरला न्या." गहिनीनाथनंच नेलं.

मोठ्या दवाखान्यात जमिनीवर गादी मिळाली. डॉक्टर तरुण होता. त्यानं जखमेत काडी घातली, ती बोटभर आत गेली. मग त्यानं चांगुणाला बाजूला बोलावलं. "एवढे महिने कसं ठेवलं यांना? कोरडी जागा पाहिजे होती."

चांगुणानं ऐकून घेतलं. तिला वाटलं, सांगावं सगळं. पण डॉक्टर पुढच्या गादीकडं वळला होता.

सुरेखाबाई दिपालीला घेऊन आल्या. ती वडिलांच्या उशाशी बसली. सहादेव तापानं अर्धवट शुद्धीत होता, पण त्यानं तिला ओळखलं.

"दिपे, तिथं दाराला आतून कडी हाय का?"

"हाय."

"लावतीस का?"

"लावती, आप्पा." मग तिनं त्याचा हात धरला आणि इतके दिवस न बोललेलं सगळं बोलत सुटली. वसतिगृहात आमटी कशी पातळ असते, शेजारची राजनंदिनी झोपेत कशी बडबडते, गणिताच्या बाई कशा चिडतात. सहादेवला त्यातलं किती कळलं देव जाणे. तो तिच्या तोंडाकडं बघत होता. दुसऱ्या दिवशी सकाळी तो गेला.

निधी फाल्गुनात आला. गावातल्या बाकीच्यांची कामं सुरू झाली, वाळूचे ढीग पडले, कुणाचा स्लॅब पडला. चांगुणाचं मात्र अडलं. घरकुल सहादेवच्या नावावर, खातं सहादेवचं. वारसाचं नाव लागल्याशिवाय पुढचा हप्ता सुटत नव्हता. मोठ्या साहेबांनी शब्द दिला होता, पण त्यांची बदली झाली होती. हर्षलनं तिचे कागद स्वतः फिरवायला घेतले. एकदा म्हणाला, "ताई, मला काकांची टोपी आठवते." तिनं पुढचा कागद त्याच्या हातात दिला.

दिपालीची दहावीची परीक्षा झाली. वसतिगृह दहावीपर्यंतचंच होतं. शाळा संपली तशी मुलींना गोण्या बांधून घरी धाडलं. दिपाली आली, काट्याची फेसाटी बाजूला करून आत गेली. बापाची खाट भिंतीला उभी लावलेली होती. तिनं तिच्यावर हात ठेवला आणि बराच वेळ तशीच उभी राहिली. त्या संध्याकाळी चांगुणा आडोशाला साडी धरून उभी राहिली, तेव्हा दिपाली म्हणाली, "आई, मी आता किंचाळनार न्हाई. दगड ठेवलाय हातात." चांगुणानं साडी आणखी वर धरली.

दिपाली पास झाल्यावर गहिनीनाथच्या मोबाईलवर सुरेखाबाईंचा फोन आला. नगरला मुलींचं एक वसतिगृह आहे, कॉलेजला जाणाऱ्यांचं. अर्ज पुष्कळ आहेत, जागा थोड्या. मिळेलच असं नाही. पण समोर जाऊन उभं राहायला हवं.

चांगुणानं विचार करायला वेळ घेतला नाही. सकाळच्या पहिल्या एसटीसाठी दोघी तिसगावच्या स्टँडवर येऊन बसल्या. दिपालीच्या मांडीवर गोणी, चांगुणाच्या पदरात बांधलेली भाकरी. बाजाराला आलेली एक ओळखीची बाई थांबली.

"चांगुणे, लेकीला घिऊन कुटं निगालीस इतक्या सकाळी?"

"जागा बगाया," चांगुणा म्हणाली.

एसटी आली. गर्दी होती. दिपालीनं आधी आईला वर चढवलं आणि मग गोणी घेऊन तिच्यामागं चढली.